पराटीचा काढा

१० फेब्रुवारी, दिग्रस

आजपासून पुन्हा लिहायला घेतलं. गिरणीच्या बॉयलरवर होतो तोवर पाळी संपली की नोंद लिहायचो, मगच हात धुवायचो. रिटायर झाल्यावर नोंद करण्यासारखं काही घडलं नाही. आता घडतं आहे. आमच्या घराण्यात मूर्खपणाचा कारखाना निघाला आहे, त्याची नोंद कुणीतरी ठेवायला पाहिजे.

कारखान्याची मालकीण आमची उर्वशी. केमिकल इंजिनिअर. नागपूरची चांगली नोकरी सोडून आली आणि आर्णी रोडला पत्र्याचं शेड भाड्याने घेऊन बसली. कापूस वेचून झाला की शेतात जी पराटी उभी राहते, ती उपटून आणायची, तुकडे करायचे, बंद भांड्यात तापवायची, वाफ निघेल ती पाण्याने थंड करायची, की म्हणे तेल मिळतं. त्या तेलावर कारखान्यांच्या भट्ट्या चालतील.

मी विचारलं, "पराटी तं सारं गावच चुलीत घालते. त्यात नवीन काय?"

"बाबा, चुलीत थे जळते. आपल्याले जळू नाही द्याची. आत हवाच जाऊ नाही द्याची."

"म्हंजे जाळाचं बी, आन् जळू बी नाही द्याचं?"

"हो, असंच."

याला उच्च शिक्षण म्हणतात. यासाठी मी उन्हाळ्यातही बॉयलरसमोर उभा राहिलो.

१३ फेब्रुवारी

शेड बघून आलो. आमच्या गिरणीत सायकली ठेवायला याहून बरी जागा होती. मधोमध एक लोखंडी भांडं, माणूस उभा मावेल एवढं. त्याला वर झाकण, झाकणाला बोल्ट. बाजूने नळी निघते ती पाण्याच्या टाकीतून जाते. खाली जाळ. म्हणजे मोहाची हातभट्टी. फक्त हातभट्टीवाल्याला मशीनला इंग्रजी नाव ठेवता येत नाही.

भागीदार आहे शाम राठोड. उर्वशीबरोबर कॉलेजात होता. जवळच्याच तांड्यावरचा. त्याचा बाप प्रेमसिंग ट्रॅक्टरने पराटी आणून टाकतो. पोरगा कामाचा वाटतो, पण शिष्टाचार नाही. माझ्याशी बोलताना जवळजवळ ओरडतो. "काका! चहा! घेता का?" मी काय शेताच्या दुसऱ्या बांधावर उभा आहे? तरी एक आहे, तो निदान खणखणीत बोलतो. उर्वशीचं उलट. ती आधी माझ्या दंडाला हात लावते, समोर येऊन उभी राहते आणि मग तोंड उघडते. नागपूरला असं शिकवतात वाटतं.

बाकी सगळं गाव हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतं. पोरांना बोलायचाही आळस.

२० फेब्रुवारी

तेल निघालं. तेल! नळीतून तपकिरी पाण्याची धार, तिला धुराचा आणि व्हिनेगरचा वास. बादलीत थोडा वेळ ठेवलं की खाली डांबरासारखा गाळ बसतो आणि वर आंबट पाणी. मी बोट बुडवून वास घेतला आणि म्हटलं, "हा तं काढा हाय. खोकला झाला का द्या एकेक चमचा."

शाम हसला. उर्वशी हसली नाही. बादलीकडे बघत होती. पहिल्या पगाराला मी जसा बघत होतो तशी. माझा बाप हमाल, कापसाच्या गाठी वाहणारा. ज्या गिरणीत त्याला ओंजळीत वरून पाणी ओतायचे, त्याच गिरणीच्या बॉयलरचं फर्स्ट क्लास सर्टिफिकेट मी मिळवलं. ते बाबासाहेबांच्या फोटोखाली काचेत लावलेलं आहे. मला कुणी यंत्र शिकवू नये.

सत्यभामा, आमची मंडळी, तिने त्यातलं वरचं पाणी बाटलीत भरून आणलं आणि दाराच्या चौकटीला चोपडलं. वाळवी जाते म्हणे. मुलीने एवढं शिकून वाळवीचं औषध काढलं.

२४ फेब्रुवारी

सत्यभामेचा कुकर बिघडला आहे. ती बचतगटाच्या बैठकीला गेली आणि मला सांगून गेली की तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा. मी स्वयंपाकघराच्या दारातच पेपर घेऊन बसलो होतो. एकही शिट्टी झाली नाही. डाळ करपून कोळसा. ती आली तर म्हणते, शेजारची वर्षा भिंतीपलीकडून मोजत होती, नऊ झाल्या. वर्षाला दुसरं काम नाही. मी कुकरची शिट्टी काढून पाहिली, घाण अडकली होती थोडी. तेच कारण.

सत्यभामेने घासणी घेतली. कुकर घासत बसली.

४ मार्च

शेडवर आज मोठा तमाशा. काढा प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये भरत होते. मी मागच्या आठवड्यात सांगितलं होतं की प्लॅस्टिक म्हणजे पोरखेळ, इंधन लोखंडात ठेवतात. एक चांगला लोखंडी ड्रम मी स्वतः भंगारवाल्याकडून निवडून आणून दिला. उर्वशी म्हणाली होती, बाबा हे आंबट असतं, लोखंड खातं. मी म्हटलं, चाळीस वर्षं लोखंड हाताळलं.

आज ड्रमच्या बुडातून सगळं जमिनीवर. आठवडाभराचं काम मातीत.

भंगारवाला चोर आहे. गंजका ड्रम गळ्यात मारला. मी त्याला जाऊन चार शब्द सुनावले. उर्वशीने राख टाकून जमीन पुसली आणि उरलेलं पुन्हा प्लॅस्टिकमध्ये भरलं. शाम तेवढा ओरडून म्हणाला, "होते काका! होते असं!"

माझी कीव करतो तो पोरगा.

११ मार्च

रोज जातो. फक्त बघायला. कुणी बोलावत नाही, पण जाणता माणूस जवळ असलेला बरा. मला त्यांनी पराटीचे तुकडे उन्हात पसरायचं काम दिलं आहे. ओली पराटी घातली की काढ्यात पाणी वाढतं. फर्स्ट क्लास सर्टिफिकेटवाला माणूस वाळवण घालतो! शेवया राहिल्या आता.

पण एक कबूल करतो. ती चांगली वाळवली तेव्हाचा माल घट्ट आला. उर्वशीने एका चिंधीला लावून पेटवून दाखवला. जोरात पेटला.

२१ मार्च

आजची नोंद करणं भाग आहे.

आज भांड्याखालचा जाळ विझवून बराच वेळ झाला होता. शाम बापाबरोबर पराटी आणायला गेला होता. उर्वशी शेडच्या मागच्या टोकाला पाण्याची टाकी भरत होती. मी भांड्याला हात लावून पाहिला. बाहेरून थंड. आत कोळसा असतो, तो काढून घेतला तर पोरांचा वेळ वाचेल म्हणून मी पाना घेतला आणि बोल्ट सोडायला लागलो. पाचसहा सोडले. कुणी काही म्हणालं नाही. शेवटचा ढिला केला आणि झाकण सरकवलं.

आधी काही नाही. मग आतून लाल झालं. मग ज्वाळा बाहेर आली, माझ्या तोंडावर. मला मागून कुणीतरी कॉलर धरून खेचलं, मी पाठीवर पडलो. उर्वशी होती. झाकण घसरून तिच्या डाव्या हातावर आलं, हात ज्वाळेतच अडकला.

माझ्या भुवया गेल्या. तिचा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला.

रस्त्यापलीकडच्या शेतातल्या बाया गेटापाशी उभ्याच होत्या, त्यांनीच ऑटो थांबवला. सरकारी दवाखान्यात पट्टी बांधली. डॉक्टर म्हणाले बोटं शाबूत राहतील, पण हात महिनाभर वापरायचा नाही.

माझ्याकडून एवढीच नोंद. मला कुणीही थांबवलं नाही. असं यंत्र चालवायचं असेल तर धोक्याची सूचना द्यायची पद्धत असावी लागते. ती तिथे नाही.

२२ मार्च

सत्यभामा आज सकाळी माझ्यासमोर बसली. चहा दिला नाही.

"तुमाले हाका मारल्या तिनं."

"नाही मारल्या."

"अजी, गळा फाडून मारल्या. थ्या बाया निंदन टाकून धावत आल्या, का पोरीवर काय संकट आलं म्हनून. तुमाले आयकू येत नाही. दोनतीन वर्षं झाले, आयकू येत नाही."

"तू हळू बोलते."

"मी हळू बोलून राह्यली?" असं म्हणून तिने काहीतरी केलं ते मला आवडलं नाही. पदराने तोंड झाकून बोलली. ओठ दिसत नव्हते. पदर हलत होता, बस. मग पदर काढून म्हणाली, "सांगा, काय म्हनलं मी?"

मी उठून अंगणात गेलो. बायकांना असले डाव सुचतात.

२९ मार्च

मला शेडवर यायचं नाही असं ठरलं आहे. उर्वशीने स्वतः सांगितलं. दंडाला हात लावून, समोर उभं राहून, नेहमीसारखं. डावा हात गळ्यात बांधलेला.

"बाबा, काही दिवस तुमी येऊ नका."

"म्हंजे मालकीण मले कामावरून काढते."

"मी मालकीण म्हनून नाही सांगून राह्यली. मले भांड्याकडं पाहाचं का तुमच्याकडं, हे समजत नाही."

"कोनं सांगतलं माह्याकडं पाहाले?"

मी सांगितलं की मला तसंही त्या हातभट्टीवर यायची हौस नव्हती. वाळवण घालायला एखादी म्हातारी ठेव. गेली.

बरं झालं. उन्हात हिंडणं वाचलं.

३ एप्रिल

काही नाही.

५ एप्रिल

काही नाही. वर्षाच्या पोराने अंगणात क्रिकेट खेळून कुंडी फोडली.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात वंदना झाली. पांढऱ्या साडीत सत्यभामा, उर्वशीही आली होती, पट्टी निघाली आहे पण कातडी गुलाबी, ताणलेली. मी बघत नव्हतो, दिसली.

संध्याकाळी मिरवणूक. यंदा पोरांनी डीजे अगदीच मरतुकडा आणला. भिंतीएवढे स्पीकर, आणि आवाज कोंबडीचा. छातीत तेवढं धडधडत होतं. मी सत्यभामेला म्हटलं, वर्गणी खाल्ली पोरांनी, भाड्याचे सडके स्पीकर आणले.

तिने दोन्ही कानांत बोटं घातली होती. तिच्या बाजूच्या बायांनीही. कडेवरची लहान पोरं रडत होती. म्हणजे तोंडं उघडी होती, त्यावरून रडत असतील.

घरी आलो.

१६ एप्रिल

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. भडका उडाला तेव्हा त्या शेतातल्या बाया गेटापाशी आधीच उभ्या होत्या. भडक्याच्या आवाजाने आल्या असत्या तर भडक्यानंतर आल्या असत्या. शेत काही जवळ नाही.

पुढे लिहीत नाही.

२३ एप्रिल

सत्यभामेकडून समजलं. उर्वशी आणि शाम काढ्याचे कॅन घेऊन आमच्या जुन्या गिरणीत गेले होते. गिरणीत सरकीचं तेल निघतं, बॉयलर फर्नेस ऑइलवर चालतो. शेठने ऐकून घेतलं आणि सांगितलं, बॉयलरवाला हो म्हणाला तर लावा. बॉयलरवाल्याने नाही म्हटलं. दुसरीकडे कुठेही गेले तरी पहिला प्रश्न येतो, कोणत्या बॉयलरवर चालवून पाहिलं? एकाही नाही. पराटीचा हंगाम संपत आला, कॅन तसेच पडले आहेत, काढा दिवसेंदिवस घट्ट होतो आहे. शामच्या बापाने म्हटलं आहे की आता ट्रॅक्टर कामाला लावतो, पोरखेळ पुरे.

बॉयलरवाला म्हणजे फुलचंद. या माणसाबद्दल दोन शब्द. माझ्या हाताखाली राख काढायला लागला. परीक्षेत दोनदा नापास. दिवसभर तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा, बोलतो ते कुत्र्यालाही समजणार नाही. मी रिटायर झालो, दुसरं कुणी मिळालं नाही, म्हणून हा त्या जागेवर बसला. ज्या बॉयलरची मी देवासारखी काळजी घेतली, माफ करा, देव मानत नाही, लेकरासारखी घेतली, त्याच्यापुढे हा पिंका टाकतो.

आणि माझ्या मुलीच्या कामावर हा 'नाही' म्हणतो. काढा तर काढा, पण नाही म्हणायला लायकी लागते.

उर्वशीने मला यातलं काही सांगितलेलं नाही.

२५ एप्रिल

गिरणीत गेलो. सहज. त्या बाजूला काम होतं.

गेटवरचा माणूस नवा, त्याने नाव विचारलं. चाळीस वर्षांनी मला त्या गेटवर नाव विचारलं. मी सांगितलं, त्याने ऐकून फक्त मान हलवली.

फुलचंद स्टुलावर बसून खर्रा घोटत होता. मला पाहून उठला, स्टूल पुसलं, पुढे केलं. मी बसलो नाही.

"पोरीचं तेल काहून नाही लावत?"

तो काहीतरी बरळला.

"थुक आधी."

थुंकून आला, समोर उभा राहिला. "धरमभाऊ, थ्या तेलात पानी हाय. आंबट हाय. बर्नरचं तोंड खाऊन टाकीन. मंग शेठ मले खाईन."

"तापवून लावाचं. गाळून. आधी फर्नेसवर भट्टी लाल करून घ्याची, मंग हे सोडाचं. बंद करताना पुन्हा फर्नेस द्याचं, म्हंजे नळी धुऊन निघते. बर्नरचं तोंड स्टेनलेसचं बसवून देतात थे."

"हे तुमी काढलं?"

"उर्वशीनं." ती हे जेवताना सांगत असायची, तेव्हा मी मध्येच मीठ मागायचो. पण ऐकलं होतं. म्हणजे, तिचं तोंड समोर होतं.

फुलचंद जाऊन बॉयलरच्या पाण्याची काच पाहून आला. मग म्हणाला, "एक गोठ आयका. तुमी बाजूले उभे राह्यले तं लावतो. तुमच्याबिगर नाही."

हेच पाहिजे होतं मला. यासाठीच गेलो होतो, हे आता लिहून टाकतो. मानाने उभा राहणार होतो माझ्या बॉयलरपाशी, आणि हा फुल्या पुन्हा माझ्या हाताखाली. मी हो म्हणायला तोंड उघडलं. पण डोळ्यासमोर तो गुलाबी हात आला. इथे काही फुटलं तर एक हात जाऊन भागणार नाही.

"माह्या उभं राहाचा उपयोग नाही," मी म्हणालो. "मले आयकू येत नाही, फुलचंद."

आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य बोललो ते कुणापुढे, तर याच्यापुढे.

वाटलं, हसेल. तो म्हणाला, "मले माहीत हाय ना, भाऊ."

"कधीपासून?"

"तुमी रिटायर होयाच्या आधीपासून. पानी कमी झाल्याची घंटी वाजाची, तुमी तसेच लिहीत बसले राहाचे. मंग मी येऊन म्हनाचो, भाऊ, जरा पानी पाहता का?"

म्हणायचा. आठवतं. आणि दर वेळी मी त्याला म्हणायचो, "तू मले शिकवतो काय बे?" सगळ्या माणसांसमोर. मग काच पाहायचो आणि पाणी खरंच कमी असायचं. मी समजायचो की माझीच नजर वेळेवर गेली.

मी त्या स्टुलावर बसलो.

"कोनाले सांगतलं नाही कधी?" मी विचारलं.

"कायले? तुमचे डोये शाबूत हायेत. पाहाचं तुमी, आयकाचं मी. आपलं तसंच चालत होतं. आताबी तसंच करू. पन उभं राहा लागीन तुमाले. मले एकट्याले नव्या तेलाची भीती वाटते."

भीती वाटते असं तो सरळ म्हणाला. त्याला लाज कशी ती नाहीच.

मी हात जोडले नाहीत. निघताना माझे दोन्ही हात एकमेकांत होते, एवढंच.

२६ एप्रिल

सत्यभामेला सांगितलं की फुलचंद चाचणी घ्यायला तयार आहे, उर्वशीला निरोप दे. ती म्हणाली, तुमीच द्या, शेजारच्या खोलीत बसली हाय. मी म्हटलं, मला कामं आहेत. मग जाऊन दिला.

उर्वशीने विचारलं, "फुलचंदकाका कसे काय तयार झाले?"

"अक्कल आली असन."

ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होती.

२ मे

चाचणी झाली. सविस्तर लिहितो.

सकाळी कॅन पोचले. शाम आणि उर्वशीने काढा दोनदा जाळीतून गाळला, गरम पाण्याच्या टाकीत कॅन ठेवून पातळ केला. प्रेमसिंगही आला होता, पांढरं धोतर नेसून, हात मागे बांधून, लग्नाला आल्यासारखा. पोरखेळ पुरे म्हणणारा हाच. शेठ येऊन खुर्ची टाकून बसले, उन्हाला शिव्या देत.

फुलचंदने फर्नेस ऑइलवर भट्टी पेटवली. मी भट्टीच्या बघायच्या भोकाला निळी काच लावून उभा. भिंती लाल झाल्यावर मी हात वर केला, उर्वशीने झडप फिरवली.

ज्योत पिवळी, मग तुटक, मग गेली. पांढरा धूर. शेठने रुमाल नाकाला लावला. पुन्हा फर्नेस, पुन्हा लाल. पुन्हा काढा. पुन्हा गेली. प्रेमसिंगने तोंड फिरवलं. शाम त्याला काहीतरी सांगायला लागला आणि अर्ध्यातच गप्प झाला.

मला जुनी सवय, वाटलं आता म्हणावं की मी म्हटलं नव्हतं का. शब्द तोंडात आले होते. उर्वशीकडे पाहिलं तर ती टाकीत हात घालून कॅन चाचपत होती, भाजलेलाच हात, आणि म्हणत होती, "अजून गरम पाह्यजे. पानी बदलू."

मग मीच उकळत्या पाण्याची बादली उचलली. शाम दुसरी घेऊन आला. उकळत्या पाण्यात कॅन ठेवले आणि थांबलो. मला थांबणं जमत नाही, थांबलो.

तिसऱ्यांदा ज्योत आत गेली आणि राहिली. टोकाला नारिंगी, मध्ये जवळजवळ पांढरी. मी बघत राहिलो, कधी तुटेल म्हणून. तुटली नाही. पण ज्योत दिसायला चांगली असली आणि आतून धडधडत असली तरी घात होतो, तो आवाज ओळखावा लागतो. मी काचेवरून डोळा न काढता ओरडलो, "फुलचंद, आवाज कसा हाय?"

सगळ्यांसमोर. शेठसमोर, प्रेमसिंगसमोर, नव्या गेटवाल्यासमोर.

फुलचंदने माझ्या खांद्यावर हात ठेवला, मला त्याच्याकडे वळवलं आणि तोंड मोठं उघडून, खर्ऱ्याचे लाल दात दाखवत म्हणाला, "एकसारखा, भाऊ! सुतासारखा सरळ!"

वाफेचा काटा चढला तो खाली आला नाही. मग नळीतून फर्नेस सोडून बर्नर धुतला, बंद केला, बर्नरचं तोंड उघडून पाहिलं. काजळी होती, झीज नव्हती. एका दिवसात झीज दिसतही नाही, तेवढं मला समजतं, पण शेठला मी ते सांगितलं नाही.

शेठ म्हणाले, हंगाम संपेपर्यंत फर्नेसच्या जोडीला थोडं थोडं लावू, काय होतं बघू, मग पुढच्या कापसाला जास्त. वास मात्र जरा कमी करा. आमचे शेठ कधी सरळ हो म्हणत नाहीत. हे त्यांचं हो.

प्रेमसिंगने पोराच्या पाठीत एक धपाटा घातला. शामच्या डोळ्यांत पाणी आलं, धपाट्याने असेल.

फुलचंदला मी गेटबाहेरच्या टपरीवर चहा पाजला. त्याने चहाच्या आधी खर्रा थुंकला आणि नंतर पुन्हा लावला. या माणसाचं काही होणार नाही. उद्या संध्याकाळी घरी जेवायला ये म्हणून सांगितलं आहे.

निघताना उर्वशी टपरीवर आली. अंगभर काजळी, काढ्याचा आंबूस वास. समोर उभी राहिली. दंडाला हात लावला नाही, दोन्ही हात खराब होते.

"बाबा, उद्यापासून शेडवर येता का?"

मी कानामागे हात धरला. "काय?"

"उद्यापासून! शेडवर येता का म्हनलं!"

"नीट सांग. मले आयकू येत नाही, माहीत नाही का तुले?"

तिने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि असं ओरडली की टपरीवरची सगळी माणसं वळून बघायला लागली, फुलचंदच्या हातातला चहा सांडला. "बाबाऽ! उद्या! शेडवर! याऽऽ!"

येतो म्हटलं.

तिने पहिल्यांदा विचारलं तेव्हाच समजलं होतं.